रिकाम्या तळहातावरचा अंगठा

माझे काका चौदा महिने तंबाखूवाचून राहिले होते. तोंडात पांढरा चट्टा आला, डॉक्टरांनी तो आरशात दाखवला, आणि त्याच दिवशी त्यांनी चंची चुलीत टाकली. मग ते पुण्याला मुलीकडे राहायला गेले. तिथं त्यांना तंबाखूची आठवणसुद्धा फारशी होत नसे. ‘सुटली एकदाची,’ असं फोनवर समाधानानं सांगायचे.

पेरणीला गावी आले. दुपारी बांधावरच्या कडुलिंबाखाली भाकरी खाल्ली, पाणी प्यायले, धोतराला हात पुसले, आणि बसल्या बसल्या त्यांचा उजवा अंगठा डाव्या तळहातावर फिरू लागला. तळहात रिकामा होता. ना तंबाखू, ना चुना. पण अंगठा मळत होता, मध्येच दोन बोटांची थाप पडत होती, जशी धूळ उडवायला मारतात तशी. मी शेजारीच बसलो होतो. त्यांचं स्वतःचं तिकडे लक्षही नव्हतं. संध्याकाळी त्यांनी गड्याकडून चिमूटभर मागून घेतली.

घरात जो तो म्हणाला, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. मीही म्हणालो. ते शब्द मला आज परत घ्यावेसे वाटतात, कारण व्यसन सुटतं तेव्हा मेंदूत नेमकं काय होतं यावर गेल्या शंभर वर्षांत जे संशोधन झालं, ते वाचल्यावर त्या अंगठ्याकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागलो.

सुरुवात रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांपासून करावी लागते. आवाज झाला की खाणं मिळतं हे कुत्रा शिकतो आणि नुसत्या आवाजानं त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, एवढं शाळेत शिकवतात. पुढचा भाग सहसा राहून जातो. आवाज करत राहिलं आणि खाणं दिलंच नाही, तर लाळ हळूहळू थांबते. वाटतं, कुत्रा विसरला. पण मध्ये काही काळ जाऊ दिला आणि पुन्हा आवाज केला, की लाळ परत येते. म्हणजे जुना धडा पुसला गेलेलाच नव्हता. त्याच्यावर नुसता दुसरा धडा ठेवला होता, ‘आता मिळत नाही’ असा.

अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात मार्क बाउटन यांनी या दुसऱ्या धड्याचा स्वभाव शोधण्यात उभी कारकीर्द घातली. त्यांच्या उंदरांनी एका पेटीत एखादी गोष्ट शिकावी, वेगळ्या वासाच्या, वेगळ्या तळाच्या दुसऱ्या पेटीत ती त्यांच्याकडून सुटावी, आणि मग त्यांना पहिल्या पेटीत परत ठेवावं. तिथं पाऊल टाकताच जुनी सवय जागी होते. पहिला धडा उंदीर कुठंही घेऊन जातो. ‘आता नाही’ हा दुसरा धडा मात्र जिथं शिकला, तिथंच त्याला नीट आठवतो. काका तंबाखूशिवाय जगायला पुण्याच्या फ्लॅटमध्ये शिकले होते. कडुलिंबाखाली जेवल्यानंतर काय करायचं असतं, हे मात्र त्या झाडाखालच्या चाळीस वर्षांनी त्यांना शिकवलं होतं.

माणसांच्या बाबतीत याचा सर्वांत मोठा पुरावा युद्धातून आला, आणि तो उलट्या दिशेनं आला. १९७१ मध्ये अमेरिकन सरकार हादरलं होतं. व्हिएतनाममधले सैनिक हेरॉइन ओढत होते, आणि हे हजारो तरुण आता घरी परतणार होते. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ली रॉबिन्स यांच्यावर या परतलेल्यांचा माग काढण्याचं काम आलं. त्या सप्टेंबरमध्ये परतलेल्या सुमारे नऊशे जणांना त्यांच्या चमूनं गाठलं. जवळजवळ निम्म्यांनी तिकडे अफू किंवा हेरॉइनची चव घेतली होती, आणि पाचातला एक जण आपण त्याच्या आहारी गेलो होतो असं सांगत होता. या आहारी गेलेल्यांपैकी मायदेशातल्या पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले किती? सुमारे ५ टक्के. तीन वर्षांतही आकडा १२ टक्क्यांच्या आसपास राहिला. त्या काळी अमेरिकेत उपचार घेऊन त्याच मोहल्ल्यात परतणारे बहुतेक जण पुन्हा हेरॉइनकडे वळत, त्यामुळे रॉबिन्स यांच्या आकड्यांवर कित्येकांचा विश्वासच बसला नाही. जागा बदलली हे एकच कारण होतं असं नाही. तिकडे माल स्वस्त आणि शुद्ध होता, बरेच जण टोचून न घेता ओढत होते, आणि घरी आल्यावर नोकरी होती, आईवडील होते. पण जो आवाज, जी उकाड्याची रात्र, जे सोबती त्या पुडीशी बांधलेले होते, ते सगळं समुद्रापलीकडे राहिलं, हेही खरंच.

जागेचा हा प्रभाव फक्त मनापुरता असता तरी पुष्कळ होतं. तो शरीरापर्यंत पोचतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या शेपर्ड सीगल यांनी १९८२ मध्ये उंदरांना महिनाभर वाढत्या मात्रेत हेरॉइन दिलं, पण नेहमी एकाच खोलीत. मग सर्वांना मोठी मात्रा टोचली. ज्यांनी आधी हेरॉइन घेतलंच नव्हतं, त्यांच्यातले ९६ टक्के मेले. सरावलेल्यांपैकी नेहमीच्या खोलीत ३२ टक्के मेले. आणि तितकेच सरावलेले, पण ज्यांना अनोळखी खोलीत टोचलं, त्यांच्यातले ६४ टक्के. मात्रा तीच होती. नेहमीची खोली दिसली की शरीर येणाऱ्या माऱ्यासाठी आधीच कंबर कसतं. अनोळखी खोलीत ते बेसावध असतं.

सवय सुटल्यावर ही सहनशक्ती ओसरते, आणि इथं धोका जिवाचा होतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या तीस हजारांवर माणसांचा अभ्यास झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिसेवनानं मरण्याचा धोका त्यांच्यात इतर रहिवाशांच्या १२९ पट निघाला. ज्यांच्या घरातलं माणूस व्यसनमुक्ती केंद्रातून नुकतंच परत आलंय, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. ‘पूर्वी घ्यायचो तेवढीच घेतली’ हे वाक्य फार जीवघेणं आहे.

आणखी एक समजूत इथं मोडते: दिवस जातील तशी ओढ आपोआप विरत जाईल. २००१ मध्ये जेफ्री ग्रिम आणि यावीन शहाम यांच्या गटानं पट्टी दाबून कोकेन मिळवण्याची सवय लागलेल्या उंदरांना ते देणं बंद केलं आणि दोन महिन्यांपर्यंत वेगवेगळ्या दिवशी तपासलं. कोकेनसोबत लागणारा दिवा आणि आवाज दिल्यावर उंदीर पट्टी किती वेळा दाबतात, एवढंच मोजायचं होतं. पहिल्या दिवसापेक्षा आठवड्यानंतर जास्त, आठवड्यापेक्षा महिन्यानंतर जास्त, साठाव्या दिवशी आणखी जास्त. अंड्यावर कोंबडी बसावी तशी ओढ उबत राहते. पुढे सिगारेट सोडलेल्या माणसांतही असंच दिसलं. दिवसभराची घालमेल, चिडचिड आठवड्यागणिक कमी होत गेली, पण सिगारेटची चित्रं समोर आली की उसळणारी तलफ पस्तिसाव्या दिवशी सातव्यापेक्षा जास्त होती. म्हणून ‘आता काही वाटत नाही’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. समोर काही आलेलं नसतं, इतकंच.

मला स्वतःला सर्वांत जवळचं वाटलेलं संशोधन तेल अवीव विद्यापीठाच्या रूव्हेन दार यांचं आहे. धर्मनिष्ठ ज्यू माणूस शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, आग पेटवत नाही. त्यामुळे सिगारेटही नाही, मग एरवी तो दिवसाला पाकीट संपवणारा का असेना. दार यांनी अशा वीस जणांना तलफ किती येते हे तीन दिवशी विचारलं: नेहमीसारखा ओढण्याचा दिवस, दार यांच्या सांगण्यावरून न ओढण्याचा कामाचा दिवस, आणि शब्बाथ. निकोटिन रक्तातून उतरतं ते तिथीवार बघत नाही. पण कामाच्या दिवशी सिगारेट टाळताना जी तगमग होत होती, ती शब्बाथला बरीच कमी होती. शनिवारी सकाळी तर तलफ अगदीच मंद. जसजशी शब्बाथ संपायची वेळ येई, तसतशी ती चढत जाई.

मग त्यांनी सिगारेट ओढणाऱ्या विमान कर्मचाऱ्यांकडे मोर्चा वळवला. तीच माणसं, एकदा तीन ते साडेपाच तासांच्या उड्डाणावर, एकदा आठ ते तेरा तासांच्या. तलफ जर निकोटिनच्या उतरण्यावर चालत असती, तर पाच तासांनी ती दोन्हीकडे सारखीच भरायला हवी होती. तसं झालं नाही. छोट्या उड्डाणात विमान उतरायला आलं की तलफ शिगेला पोचे. लांबच्या उड्डाणात त्याच घटकेला ती शांत असे, कारण अजून अर्धा प्रवास बाकी होता. तलफ ‘किती वेळ झाला’ हे कमी बघत होती आणि ‘किती वेळ उरला’ हे जास्त.

हे वाचलं तेव्हा मला आपला श्रावण आठवला. माझ्या ओळखीत असे कितीतरी आहेत, ज्यांना एरवी शनिवारची रात्र कोरडी काढणं जमत नाही, पण श्रावणातले चारही शनिवार ते विनातक्रार काढतात. त्यांना विचारलं तर म्हणतात, ‘श्रावणात प्रश्नच नसतो.’ प्रश्नच नसतो, हे नेमकं वर्णन आहे. ‘घेऊ का नको’ हा तंटाच मनात सुरू होत नाही. मात्र पोळा जवळ आला की त्यांचा फोन यायला लागतो.

पोटाच्या भुकेला हे लागू करू नये. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात अँसेल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. ती माणसं ताटल्या चाटू लागली, पाककृतींची पुस्तकं तासन् तास वाचू लागली, आणि ती भूक कोणत्याही संकल्पानं झाकली गेली नाही. शरीराला खरोखर लागणारी गोष्ट आणि शरीराला शिकवलेली गोष्ट यांत फरक आहे.

शिकवलेली गोष्ट जागेवरच मोडावी, म्हणून दवाखान्यात रुग्णाला ग्लास दाखवायचा, पाकीट हातात द्यायचं आणि घेऊ द्यायचं नाही, असे उपचारही झाले. २००२ मध्ये सिंथिया कॉन्क्लिन आणि स्टीफन टिफनी यांनी या प्रयोगांची झडती घेतली, तेव्हा फारसा गुण दिसला नाही. मला यात नवल वाटत नाही. दवाखान्याची खोली ही उंदराची दुसरी पेटीच झाली. माणसाला परत जायचं असतं ते पहिलीत.

काकांनी दुसऱ्यांदा तंबाखू सोडली ती गावातच राहून. या खेपेला मुलीकडे गेले नाहीत. काकू रोज दुपारी भाकरीसोबत ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा बांधून देते, जेवणानंतर हातांना काम म्हणून. परवा मी गेलो तेव्हा आम्ही त्याच कडुलिंबाखाली बसलो होतो. शेंगा संपल्या. टरफलं झटकून झाली आणि त्यांचा अंगठा हलकेच डाव्या तळहातावर येऊन टेकला. या वेळी काकांनी तो पाहिला. थोडा वेळ पाहत राहिले, मग दोन्ही हात मागे जमिनीवर टेकवून विहिरीला पाणी किती चढलंय ते मला विचारू लागले.