ग्रामीण गरीब कुटुंबांची निश्चिती

कल्याणकारी योजनांसाठी खेड्यांतील गरीब कुटुंबे घरोघरी पाहणी करून ठरवण्याची शासकीय पद्धत. भारतात अशा पाहण्या १९९२, १९९७, २००२ व २०११ मध्ये सुरू झाल्या.

दारिद्र्यरेषेचा उगम सामान्यतः नियोजन आयोगाच्या १९६२ च्या कार्यगटाकडे नेला जातो. त्याने १९६०-६१ च्या किमतींनुसार दरडोई दरमहा २० रुपये ही किमान खर्चपातळी मानली. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये २,२५० उष्मांकांच्या आहारावरून खेड्यांसाठी १५ रुपये धरले. १९७९ च्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० उष्मांक घेतले. एकाच व्यक्तीची उष्मांकांची गरजही बदलती असते, असा आक्षेप संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी घेतला. तो विचारात घेऊनही, आहाराचा स्पष्ट पाया देणारे स्वातंत्र्यानंतरचे पहिले महत्त्वाचे काम म्हणून दांडेकर-रथ यांचा मान अधिक ग्राह्य वाटतो.

या रेषेवरून राज्यात गरीब किती ते कळते, कोण ते कळत नाही. १९९२ मध्ये वार्षिक ११,००० रुपये उत्पन्नाची मर्यादा होती. २००२ मध्ये १३ निकषांवर प्रत्येकी ० ते ४ गुण, म्हणजे कमाल ५२ गुण होते. मात्र राज्यातील गरिबांची संख्या नियोजन आयोगाच्या अंदाजाशी जुळेल अशी गुणमर्यादा राज्ये ठरवत. त्यामुळे सारख्याच गुणांचे कुटुंब एका राज्यात पात्र, दुसऱ्यात अपात्र ठरू शके. पद्धतीतील हा सर्वांत गंभीर अन्याय होय.

एन. सी. सक्सेना समितीने (२००९) सुचवलेली आपोआप वगळणे, आपोआप समावेश व उरलेल्यांची प्रतवारी ही चौकट २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय जनगणनेत फेरफारासह आली. यांत्रिक दुचाकी, फ्रीज किंवा दरमहा १०,००० रुपयांहून अधिक कमावणारा सदस्य असल्यास कुटुंब वगळले जाई. बेघर, भिक्षेवर जगणारे, मैला वाहणारे, मुक्त वेठबिगार व आदिम जमाती थेट समाविष्ट होत. बाकीच्यांसाठी वंचिततेचे सात निकष होते. एका खोलीचे कच्चे घर व भूमिहीन मजुरी हे त्यांपैकी दोन. ग्रामीण आवास योजनेसाठी या यादीची पडताळणी ग्रामसभेत झाली.

ग्वाल्हेर जिल्ह्यात थेट समावेशाचा निकष घाटीगाव भागातील सहरिया या आदिम जमातीच्या वस्त्यांना लागू पडतो. ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागातील मराठी वाचकांना हा भाग दगडखाणींमुळे परिचित असेल. मजुरीसाठी बाहेरगावी गेलेले कुटुंब पाहणीच्या वेळी घरी नसले, तर जमातीवरून मिळणारा हक्कही कागदावर येत नाही. मध्य प्रदेशात सहरिया, बैगा व भारिया कुटुंबांतील महिलांसाठी २०१७ मध्ये दरमहा १,००० रुपयांचे आहार अनुदान सुरू झाले. स्वस्त धान्यासाठी मात्र ‘समग्र’ या राज्याच्या कुटुंबनिहाय नोंदणीवर आधारलेली पात्रता पर्ची (पात्रतेची चिठ्ठी) लागते.