संगीत नाटकांचे पडद्यावरील रूपांतर आणि सोलापूर

रंगमंचावर पदे गाऊन सादर होणारे नाटक चित्रपटाच्या किंवा दूरचित्रवाणीच्या पडद्यासाठी नव्याने बांधणे, म्हणजे संगीत नाटकाचे रूपांतर. चालू प्रयोगाचे चित्रण करून ठेवणे हा त्याचा सर्वांत साधा प्रकार. पटकथा, स्थळे आणि गाणी बदलून स्वतंत्र कलाकृती उभी करणे हा दुसरा. मराठीला संगीत रंगभूमीची एवढी मोठी परंपरा असूनही दुसऱ्या प्रकारची उदाहरणे मोजकीच आहेत. त्याचे कारण बरेचसे पदाच्या घडणीतच सापडते.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले तेव्हा त्यातली पदे बहुतांशी संवादाचेच काम करीत. खाडिलकरांच्या ‘मानापमान’पासून (१९११, संगीत गोविंदराव टेंबे) पदात रागदारीचा विस्तार शिरला. पद किती वेळ चालायचे हे मग संहितेने नव्हे, तर गायकनट आणि प्रेक्षक यांनी मिळून ठरवायचे. दाद आली की तान वाढायची, ‘वन्स मोअर’ आला की मेलेला नायकसुद्धा उठून पुन्हा गायचा, असे किस्से जुने नाट्यरसिक रंगवून सांगत. पडद्यावर ही सोय नाही. गाण्याची लांबी संकलनाच्या टेबलावर एकदाच ठरते आणि प्रत्येक खेळाला तीच राहते. त्यामुळे रूपांतरकारासमोर पहिला प्रश्न असतो तो तान कुठे थांबवायची आणि ती चालू असताना डोळ्यांना काय दाखवायचे, हा. कथा कशी खुलवायची हा प्रश्न त्यानंतरचा.

दुसरी अडचण जवळून दिसणाऱ्या चेहऱ्याची. बालगंधर्वांनी १९३५ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथांची पुरुषभूमिका केली. १९३७च्या ‘साध्वी मीराबाई’त मात्र ते स्त्रीवेशातच आले. पन्नाशीला टेकलेल्या नटाचा स्त्रीवेश थिएटरातल्या अंतरावरून जेवढा पटे, तेवढा कॅमेऱ्यापुढे पटणे अवघड होते, आणि तोवर दुर्गा खोट्यांसारख्या अभिनेत्रींना प्रेक्षकांनी पडद्यावर स्वीकारले होते. पार्श्वगायन रूढ झाल्यावर गळा एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा, अशी वाटणी शक्य झाली. संगीत नाटकाच्या कट्टर चाहत्यांना ती आजही खटकते. परदेशातही हा वाद मिटलेला नाही. ‘ले मिझराब्ल’ या संगीतिकेवरच्या २०१२च्या चित्रपटात नटांनी सेटवर प्रत्यक्ष गावे असा हट्ट धरला गेला, तो यामुळेच.

सोलापूरचा या विषयाशी संबंध स्टुडिओंमुळे नाही, कलावंतांमुळे आहे. मुंबई-मद्रास लोहमार्गावरचे हे गिरण्यांचे शहर. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू कानांवर एकाच वेळी पडणारे. मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळी या नाटक कंपनीने बोलपटांच्या लाटेत तगण्यासाठी बळवंत पिक्चर्स काढून ‘कृष्णार्जुन युद्ध’ (१९३४) केला, पण त्यातून घडी बसली नाही. ९ सप्टेंबर १९३८ रोजी दीनानाथांनी सोलापुरात केलेल्या कार्यक्रमात लहानगी लता वडिलांबरोबर पहिल्यांदा जाहीरपणे गायली. खंबावती राग आणि त्याच्या जोडीला नाट्यपदे. हिंदी-मराठी पार्श्वगायनाच्या पुढच्या अर्धशतकाची सुरुवात नाट्यसंगीताच्या व्यासपीठावर झाली होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

सोलापूरचेच शाहीर राम जोशी यांच्यावरील ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) हे नाटकाचे रूपांतर नव्हे. तरी त्याचा उल्लेख इथे हवा, कारण शाहिराची भूमिका संगीत रंगभूमीवरच्या जयराम शिलेदारांकडे होती. गाणारा नट रंगभूमीवरून जसाच्या तसा पडद्यावर आणता येतो, याचा तो चांगला दाखला.

खरी कसोटी लागली ती ‘कट्यार काळजात घुसली’ने. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या या नाटकाला (१९६७) जितेंद्र अभिषेकींचे संगीत होते. त्यातले गवई खाँसाहेब होते वसंतराव देशपांडे आणि खाँसाहेबांची मुलगी झरीना होत्या सोलापूरच्या फैयाज. पुढे २०१५ मध्ये बेळगावच्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या, आणि त्याच वर्षी सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपट आला. त्यात झरीना अमृता खानविलकरांनी साकारली. खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगावकरांचा आणि गळा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा होता. खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी गवई पंडितजी मात्र शंकर महादेवन यांनी स्वतःच गायले आणि केले. नाटकात पंडितजींचा वावर थोडा. चित्रपटाने त्यांची खाँसाहेबांशी असलेली मैत्री व चुरस विस्ताराने उभी केली. ‘घेई छंद’सारखी मूळ पदे ठेवून शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी जोडली. त्यांतल्या ‘अरुणी किरणी’साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जुन्या पदांची लांबी कापल्याची तक्रार झाली आणि ती खोटी नव्हती. पण न कापता हा चित्रपट उभाच राहिला नसता. भावे यांनीच २०२५ मध्ये ‘मानापमान’ही पडद्यावर आणले.

पंढरपूरला जन्मलेले आणि सोलापुरात शिकलेले जब्बार पटेल यांनी ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) आणि ‘तीन पैशाचा तमाशा’ (१९७८) ही गाण्यांनी भरलेली नाटके बसवली. नंतर ते चित्रपटांतही रमले, तरी ‘घाशीराम’चा १९७६चा चित्रपट त्यांचा नाही. तो युक्त फिल्म सहकारी संस्थेने केला.

दूरचित्रवाणीचा मार्ग वेगळा आहे. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले. छोट्या पडद्याला नाटक मुळातच जवळचे. एकाच खोलीत घडणारे प्रवेश तिथे खुपत नाहीत आणि अनेक कॅमेऱ्यांमुळे पद मध्ये न तोडता टिपता येते. अडचण येते ती ध्वनीची. नाट्यगृहात ऑर्गन-तबला रंगमंचापुढे बसतात आणि गायक त्यांच्याशी नजरेने बोलतो. चित्रणात प्रत्येकाला वेगळा माइक दिला नाही, तर तबला गळ्यावर चढतो आणि शब्द हरवतात. नाट्यगृहातल्या प्रयोगांची हौसेने केलेली चित्रणे पुन्हा पाहावीशी वाटत नाहीत, ती बहुतेक वेळा चित्रामुळे नव्हे, आवाजामुळे.