वीस एक की एकवीस? त्या भांडणाच्या मागचं

जून २०१९ मध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं आणि आठवडाभर व्हॉट्सॲपवर दुसरा विषयच नव्हता. एकवीस ते नव्व्याण्णव हे आकडे 'वीस एक', 'नव्वद नऊ' असेही वाचायचे, एवढाच बदल. आता यातला 'असेही' कोणी वाचलाच नाही. जुनी नावं काढली नव्हती, दोन्ही होती, आणि पहिलीच्या पुस्तकात तर हे आदल्याच वर्षी येऊन गेलेलं, तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही.

गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं साधं होतं, लहान पोरांना या नावांतली जोडाक्षरं जड जातात, आणि आपण म्हणतो एक, लिहितो दुसरंच. पंचवीस ऐका ना, पाच आधी येतो, म्हणून पोरगं ५२ लिहून मोकळं होतं. कन्नड, तेलुगूत दशक आधी बोलतात, तिथे ही भानगड नाही. आपल्याकडे वर एकोणतीस, एकोणचाळीस करत वजाबाकीही घुसडलेली, एकोणनव्वदपर्यंत ती चालते आणि नव्व्याण्णवला अचानक गायब! (एकोणशंभर का नाही, हे मला चौथीत कोणी सांगितलं नाही, अजूनही नाही.)

मग विधानसभेत अजित पवारांनी विचारलं की फडणवीसांना आता 'फडण दोन शून्य' म्हणायचं का, सगळे हसले, शिक्षणमंत्री आशिष शेलारांनी तज्ज्ञांची समिती नेमतो म्हणून सांगितलं, आणि भांडण गणितावरून सरकून मराठीच्या अस्मितेवर गेलं. मला खटकतं ते हे. पाठ्यक्रमात बदल सुचवला तर तो तपासायचा कसा, तर दोन वर्ग घ्या, एकाला जुनं शिकवा, एकाला दोन्ही, आणि पंचवीस लिहायला सांगून ५२ किती जण लिहितात ते मोजा. त्या आठवड्यात असलं काही कोणी बोलताना मी तरी ऐकलं नाही, नुसते जोक फॉरवर्ड होत होते.

आणि हे खूळ काही एकट्या बालभारतीचं नव्हे. नॉर्वेने १९५१ मध्ये संसदेत ठरवून 'एक आणि वीस'चं 'वीस एक' केलं, आणि मागणी कोणाची, तर टेलिफोन खात्याची, कारण ऑपरेटरला नंबर सांगताना आकडे उलटेपालटे व्हायचे. जर्मन लोक अजून एकक आधी बोलतात, तिथे हे बदलावं म्हणून २००४ पासून एक संस्था मागे लागलीय. नॉर्वेत मात्र सरकारी बदल होऊन सत्तर वर्षं उलटली तरी काही लोक वय सांगताना जुनंच बोलतात.