मोकळ्या आकाशाखाली चेलो

उन्हाळ्यातल्या खुल्या मैफलीला जरा लवकर गेलात, तर मंचावरच्या स्टँडना कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले दिसतील. वाऱ्याने स्वरलिपीची पानं उडू नयेत म्हणून ही साधी सोय. वाद्यवृंदाच्या कंडक्टरच्या बाजूला एक बुटका लाकडी चौथरा, त्यावर एक खुर्ची. व्हायोलिनच्या कुळातलं मोठं वाद्य, चेलो, वाजवणारी अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी येऊन बसते, वाद्याच्या तळातून धातूचा खिळा बाहेर ओढते, पेच आवळते आणि टोक लाकडात रुतवते. समोर हिरवळीवर चटया अंथरून बसलेली हजारो माणसं असतात. हे दृश्य आता नेहमीचं झालं आहे. पण चेलो हे मुळात दालनात वाजणारं वाद्य. मोकळ्या हवेतल्या संगीतावर फार काळ फुंकवाद्यांचा आणि नगाऱ्यांचाच हक्क होता.

याचा सगळ्यात बोलका दाखला म्हणजे संगीतकार हँडेलचं ‘रॉयल फायरवर्क्स’साठीचं संगीत. १७४९ साली लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये तहाच्या आनंदाप्रीत्यर्थ आतषबाजी व्हायची होती. राजा दुसरा जॉर्ज याला त्यासाठी फक्त रणवाद्यं हवी होती, हँडेलला तंतुवाद्यंही हवी होती. राजाचं चाललं. हँडेलने २४ ओबो, १२ बसून, ९ ट्रंपेट, ९ हॉर्न ही फुंकवाद्यं आणि नगारे असा ताफा योजला. २१ एप्रिलला व्हॉक्सहॉल बागेत तालीम झाली, तीच ऐकायला बारा हजारांवर लोक लोटले असं त्या वेळी छापून आलं. सहा दिवसांनी प्रत्यक्ष सोहळ्यात आतषबाजीने मंडपाच्या एका भागाला आग लागली, हा भाग वेगळा. मला यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. महिन्याभराने तेच संगीत फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथाश्रमाच्या चॅपेलमध्ये वाजलं, आणि तिथे, छपराखाली, तंतुवाद्यं आली.

राजाचा हट्ट अगदीच बिनबुडाचा नव्हता. दालनात भिंती आणि छत आवाज परत पाठवतात, त्या परतलेल्या आवाजानेच चेलोचा स्वर भरीव होतो. मैदानात परत पाठवायला काहीच नसतं. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. शिवाय चेलोचा पट्टा माणसाच्या आवाजाच्या आसपासचा, आणि वाद्यवृंदातली बहुतेक वाद्यं तिथेच गर्दी करतात. व्हायोलिन वरून निसटून जातं, चेलो मधेच अडकतो. म्हणून चेलोसाठी कन्चेर्तो, म्हणजे एकलवादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, लिहिणं हे जोखमीचं काम मानलं गेलं. फ्रेंच संगीतकार सँ-साँसने त्यावर धीट तोड काढली. १८७३ मध्ये प्रथम सादर झालेल्या त्याच्या पहिल्या कन्चेर्तोत लांबलचक प्रस्तावनाच नाही. वाद्यवृंदाचा एक ठोका, आणि लगेच चेलो वरून खाली कोसळत येतो. सुमारे वीस मिनिटांची, मधे न थांबणारी ही रचना खुल्या मंचावर इतकी शोभते ती उगाच नाही.

तो तळातला खिळाही उशिराच रुळला. त्याआधी वादक वाद्य पोटऱ्यांमध्ये धरून वाजवत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बेल्जियमच्या आद्रियां-फ्रांस्वा सर्व्हे या चेलोवादकाने खिळा लोकप्रिय केला, तेव्हा वादकाचे पाय मोकळे झाले आणि वाद्याला खाली भक्कम टेकू मिळाला.

चेलोला खरोखर बागेत नेलं ते इंग्रज चेलोवादक बिअ‍ॅट्रिस हॅरिसन यांनी. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात, ऑक्स्टेडजवळच्या आपल्या घराच्या बागेत त्या रात्री रियाज करत, आणि झाडीतला नाइटिंगेल पक्षी त्यांच्या स्वराला उत्तर देई. इंग्रज संगीतकार एल्गरच्या हाताखाली एल्गरचाच कन्चेर्तो ध्वनिमुद्रित केलेल्या या बाईंनी बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ यांना गळ घातली, की हे लोकांना ऐकवा. १९ मे १९२४ च्या रात्री मायक्रोफोन बागेत नेला गेला. बराच वेळ पक्षी गप्प होता. बाई वाजवत राहिल्या, आणि प्रसारण संपत येताना गाणं सुरू झालं. त्या पहिल्या रात्रीचा आवाज पक्ष्याची नक्कल करणाऱ्या कलावंताचा असावा, असं पुढे बोललं गेलं. तरी पुढची कित्येक वर्षं दर मे महिन्यात हे प्रसारण होत राहिलं. मला त्यातली खरी मोलाची गोष्ट मायक्रोफोन वाटते. चेलोचा हळुवार स्वर मोकळ्या हवेतून दूरवर पोचवता येतो, हे त्या बागेत दिसलं.

त्याच काळात अमेरिकेत उन्हाळी मैफलींचं पेव फुटलं होतं. लॉस एंजेलिसचं हॉलिवूड बोल १९२२ मध्ये सुरू झालं. तिथे मंचामागे शिंपल्यासारखी कमान उभारली गेली, कारण आवाज मागे वाया न जाता पुढे फेकला जायला हवा होता. बॉस्टनमध्ये नदीकाठी आर्थर फीडलर यांनी १९२९ पासून फुकट मैफली सुरू केल्या. आणि १९३७ साली टँगलवुडला, मॅसॅच्युसेट्समधल्या उन्हाळी संगीत महोत्सवाच्या जागी, ती प्रसिद्ध वादळी रात्र आली. बॉस्टन सिम्फनी हा वाद्यवृंद १२ ऑगस्टला तंबूत वॅग्नरचं संगीत वाजवत होता. मेघांच्या गडगडाटात वाद्यवृंद ऐकू येईना, कंडक्टर कुसेव्हित्स्कींना थांबावं लागलं, तंबू गळू लागला. महोत्सवामागची कर्ती बाई, गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ, तिथेच मंचावर गेल्या आणि पक्क्या वास्तूसाठी वर्गणी मागू लागल्या. वास्तुविशारद एलिएल सारिनेन यांचा आराखडा पैशांत बसेना. याहून काटछाट केली तर नुसती शेड उरेल, असं त्यांनी कळवलं. मग शेडच बांधली. ४ ऑगस्ट १९३८ ला ती उघडली, आजही तिला शेडच म्हणतात. वर छप्पर, बाजू उघड्या, पुढे हिरवळ.

तरुण एकलवादक आणि उन्हाळी मंच यांची गाठ इथेच पडली. नव्या मुलांना संधी देण्याची तयारी उन्हाळ्यात जास्त असते. तिकीट हलकं, श्रोते सैल. टँगलवुडला १९४० पासून संगीताची शाळाच भरू लागली. त्याच शेडमध्ये जुलै १९८६ मध्ये चौदा वर्षांची मिदोरी ही कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइन यांच्यासोबत व्हायोलिन वाजवत असताना तार तुटली. तिने वाद्यवृंदाच्या प्रमुख व्हायोलिनवादकाचं वाद्य घेतलं, त्याचीही तार तुटली, मग तिसरं घेतलं, आणि शेवटपर्यंत वाजवलं. तंतुवाद्याची उन्हाळ्यातली परीक्षा असते ती अशी.

चेलोच्या बाबतीत तरुणपणाला आणखी एक संदर्भ आहे. एल्गरने आपला कन्चेर्तो १९१९ मध्ये, साठी उलटल्यावर लिहिला. त्याचा पहिला प्रयोग तालमीअभावी फसला. चेलोवादक जॅकलीन डु प्रे हिने १९६५ मध्ये, विसाव्या वर्षी, कंडक्टर बार्बिरोली यांच्यासोबत तो ध्वनिमुद्रित केला, आणि म्हाताऱ्या माणसाचं ते शोकगंभीर संगीत तरुण हातांचं होऊन गेलं. २०१६ मध्ये सतरा वर्षांचा शेकू कॅने-मेसन शोस्ताकोविचचा पहिला कन्चेर्तो वाजवून बीबीसीची तरुण वादकांची स्पर्धा जिंकला, तेव्हा तरुण वादक आणि भारदस्त चेलो ही जोडी कुणाला विशेष वाटली नाही.

हवेशी झगडा मात्र संपलेला नाही. दमट हवेत लाकूड फुगतं, उन्हात आकसतं, तारा उतरतात, सरसाने जोडलेल्या फटी उघडतात. जुनं मौल्यवान वाद्य उन्हात ठेवणं म्हणजे जिवावर बेतणं. यावरचा एक उपाय बॉस्टन सिम्फनीच्याच एका चेलोवादकाला सुचला. लुईस लेगिया यांना शिडाची होडी चालवायचा नाद होता, आणि तिचं फायबरग्लासचं अंग पाण्यावर कसं घुमतं हे त्यांच्या कानाने टिपलं. त्यातून त्यांनी कार्बन फायबरचा चेलो घडवला. ऊन-पावसाची त्याला पर्वा नसते. तरी खुल्या मंचावर पाऊल ठेवणारी बहुतेक मुलं लाकडाचंच वाद्य आणतात, आधी सावलीत ठेवून हवेशी जुळू देतात, आणि मंचावर आल्यावर पुन्हा एकदा, घाई न करता, चारही तारा सुरात लावून घेतात.