चार्टर की खासगी? आधी एओसी कुणाचं ते बघा

सहा-आठ आसनी विमानातून कुणी उतरलं की बातमीचा मथळा ठरलेला: ‘खासगी विमानाने आगमन’. दोन ओळी खाली तेच विमान ‘चार्टर’ झालेलं असतं. हे शब्द असे अदलून-बदलून वापरणं खरंच थांबायला हवं. अपघात झाला तर भरपाई कोण देणार, हे याच फरकावर ठरतं.

खासगी विमान सगळ्यांना कळतं. मालक ते स्वतःसाठी किंवा कंपनीच्या कामासाठी उडवतो, कुणाकडून भाडं घेत नाही. चार्टर म्हणजे अख्खं विमान भाड्याने. वेळ आणि ठिकाण गिऱ्हाइकाचं, आणि विमान रिकामं परत जाण्याचा खर्चही बहुतेकदा त्याच्याच बिलात. विमान केवढं, आत सोफा की साध्या खुर्च्या, यावरून काहीही ठरत नाही. एकच विमान सकाळी मालकाला घेऊन खासगी आणि संध्याकाळी चार्टर म्हणून उडू शकतं.

खरी मेख परवान्यात आहे. पैसे घेऊन माणसं न्यायची तर एअर ऑपरेटर सर्टिफिकेट, म्हणजे एओसी लागतं. आयकाओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची नागरी विमान वाहतूक संघटना, हिच्या नियमांच्या सहाव्या परिशिष्टाचा पहिला भाग व्यावसायिक वाहतुकीसाठी आहे, दुसरा खासगी उड्डाणांसाठी. पहिल्याखाली मंजूर मॅन्युअल, ड्युटीच्या तासांवर मर्यादा आणि वर्षातून दोनदा वैमानिकाची चाचणी, हे सगळं आलं. वैमानिकाचा खासगी परवाना ४० तासांच्या उड्डाणावर मिळतो, व्यावसायिक परवान्याला साधारण २०० तास लागतात. खासगी परवान्यावर पगार घेऊन विमान उडवता येत नाही.

लोक फसतात ते पुढे. स्वस्तात विमान हवं असलेल्या गिऱ्हाइकापुढे दोन कागद येतात: एक विमानाच्या ड्राय लीजचा, म्हणजे वैमानिकांशिवाय नुसतं विमान भाड्याने घेण्याचा, दुसरा वैमानिकांच्या सेवेचा. त्याला वाटतं, चार्टरच घेतलं. सही केली की कागदोपत्री ऑपरेटर तोच होतो. विमानाची देखभाल झाली होती का, वैमानिकाचा परवाना चालू होता का, इंधन पुरेसं होतं का, याचा जाब त्याला विचारला जातो. पॉलिसी ‘अव्यावसायिक वापरा’ची असेल तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. ड्राय लीज हा प्रकार मुळात बेकायदा नाही, एअरलाइन तो सर्रास करतात. पण तिथे भाड्याने घेणाऱ्याकडे स्वतःचे वैमानिक आणि स्वतःचं एओसी असतं. विमान आणि वैमानिक एकाच घरातून येत असतील आणि कागद मात्र दोन असतील, तर सही करू नका.

फुटबॉलपटू एमिलियानो साला २१ जानेवारी २०१९ ला फ्रान्समधल्या नाँतहून वेल्समधल्या कार्डिफला निघाला, तो एका इंजिनाच्या पायपर मालिबूतून. त्या विमानाला पैसे घेऊन प्रवासी नेण्याची परवानगी नव्हती. वैमानिकाकडे फक्त खासगी परवाना होता, रात्रीच्या उड्डाणाचं रेटिंग नव्हतं, आणि उड्डाण रात्रीचं होतं. विमान इंग्लिश खाडीत कोसळलं, दोघेही गेले. सालाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण घातक पातळीवर होतं. उड्डाण ठरवणाऱ्याला २०२१ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली.

म्हणून दर विचारायच्या आधी विमानाचा नोंदणी क्रमांक विचारा. मग एओसीची प्रत मागा आणि तिच्या सोबतच्या विमानांच्या यादीत तो क्रमांक शोधा. नुसतं एओसी दाखवून भागत नाही, कारण यादीबाहेरचं विमान त्या परवान्यावर उडवता येत नाही. करार, एओसी आणि विम्याचा दाखला, तिन्हींवर ऑपरेटरचं नाव एकच हवं. ‘आमची विमानं’ म्हणणारा अनेकदा दलाल असतो. दलाल असायला हरकत नाही, पण त्याने ऑपरेटरचं नाव लेखी द्यायलाच हवं. आदल्या रात्री ‘विमान बदललंय’ असा निरोप आला तर नव्या क्रमांकासाठी ही सगळी तपासणी पुन्हा करा. गडबड बहुधा याच बदलात होते.