मेंदूतील रक्तस्रावानंतरची दुय्यम इजा

मेंदूतील रक्तवाहिनी फुटली की रक्ताच्या धक्क्याने त्याच क्षणी पेशी चिरडल्या जातात. ही प्राथमिक इजा. पुढच्या काही तासांत आणि दिवसांत सूज, दाह, सांडलेल्या रक्तातील घटकांचा विषारी परिणाम आणि रक्तपुरवठ्यातील तूट यांमुळे नुकसान वाढत जाते. ती दुय्यम इजा. रुग्ण रुग्णालयात पोहोचेपर्यंत प्राथमिक इजा होऊन गेलेली असते. त्यामुळे उपचाराला वाव उरतो तो दुय्यम इजेत, आणि संशोधनही तिच्याभोवतीच फिरते. या संशोधनात न्यूरोसर्जनांचा, म्हणजे मेंदूवर शस्त्रक्रिया करणाऱ्यांचा, वाटा मोठा आहे. साचलेल्या रक्ताची गुठळी नीट काढली, तरी रुग्ण सुधारत का नाही, हा प्रश्न सगळ्यांत आधी त्यांनाच पडणार होता.

रक्तस्राव कुठे होतो, यावर इजेचे स्वरूप ठरते. दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाने मेंदूच्या खोल भागातील बारीक धमन्या कमकुवत होऊन फुटतात आणि रक्त मेंदूच्या ऊतीतच साचते. वृद्धांमध्ये वाहिन्यांच्या भित्तीत ॲमिलॉइड प्रथिन साठल्याने पृष्ठभागाजवळही असा स्राव होतो. धमनीवरचा फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, फुटला तर रक्त मेंदूभोवतीच्या जालतानिका या आवरणाखाली पसरते. अचानक उठणारी असह्य डोकेदुखी ही त्याची ओळख. एकूण पक्षाघातांत रक्तस्रावी प्रकार कमी. पण मेंदूच्या ऊतीत रक्त साचलेल्या रुग्णांपैकी सुमारे 40 टक्के महिन्याभरात दगावतात.

कवटी ताणली जात नाही. आत रक्त वाढले की मस्तिष्क-मेरुद्रव, म्हणजे मेंदूभोवतीचा द्रव, आणि शिरांमधले रक्त बाहेर सरून थोडी जागा होते. ती संपली की दाब झपाट्याने चढतो. हा सिद्धान्त मन्रो (1783) आणि केली (1824) या स्कॉटिश वैद्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यातच साचलेले रक्त सुरुवातीच्या तासांत वाढत राहते. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत 103 रुग्णांचे सीटी स्कॅन ठरावीक अंतराने पुन्हा काढले, तेव्हा पहिल्या तासाभरातच 26 टक्के रुग्णांची गुठळी लक्षणीय वाढलेली दिसली. रक्तदाब लगेच आटोक्यात आणण्याची आजची घाई त्यासाठीच आहे.

पण सगळे दाबानेच होत असते, तर गुठळी काढल्यावर काम झाले असते. रक्त स्वतःच मेंदूला घातक ठरते, हे दाखवण्याचे बरेचसे श्रेय मिशिगन विद्यापीठातील ज्युलियन हॉफ, रिचर्ड कीप आणि ग्वोहुआ शी यांच्या गटाला जाते. हॉफ हे न्यूरोसर्जन. 1990 च्या दशकात या गटाने उंदरांच्या मेंदूत रक्ताचे वेगवेगळे घटक टोचून पाहिले. रक्त गोठवणारे थ्रॉम्बिन टोचले तर एका दिवसात सूज येते आणि थ्रॉम्बिन रोखणाऱ्या हिरुडिनने ती टळते, असे आढळले. त्याहून बोलका प्रयोग 1998 मधला. अखंड तांबड्या पेशी टोचल्या तर पहिल्या दिवशी विशेष काही झाले नाही, सूज आली ती तिसऱ्या दिवसाच्या सुमारास. त्याच पेशी आधी फोडून टोचल्या, तर 24 तासांतच मेंदू सुजला. आकारमानाचा प्रश्न नव्हता. पेशींच्या आत जे होते ते बाहेर पडणे महत्त्वाचे होते. रुग्ण पहिला दिवस बरा काढतो आणि नंतर खालावतो, याचा उलगडा इथे होऊ लागला.

पेशी फुटल्या की हिमोग्लोबिन सुटते, हीम ऑक्सिजनेज हे विकर त्यातील हीम या लोहयुक्त भागाचे विघटन करते आणि मोकळे लोह उरते. लोहामुळे तयार होणारे मुक्त मूलक, म्हणजे अतिक्रियाशील रेणू, पेशींचे पटल आणि डीएनए यांना इजा करतात. मेंदूतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी हा राडारोडा उचलतात खऱ्या, पण दाहकारक द्रव्येही सोडतात. रक्तातील पदार्थांना मेंदूत शिरू न देणारा रक्त-मेंदू अडथळा सैल पडून पाणी आत शिरते.

लोह दोषी, तर लोह बांधणारे औषध द्यावे, हा विचार सरळ होता. डेफेरोक्सामीनने उंदरांमधील सूज कमी झाली. माणसांत मात्र जास्त मात्रेची चाचणी फुप्फुसांच्या गंभीर त्रासामुळे थांबवावी लागली. कमी मात्रेच्या चाचणीचा निकाल 2019 मध्ये आला, त्यात 90 दिवसांनंतरच्या स्थितीत अपेक्षित फरक दिसला नाही. प्रयोगातला उंदीर तरुण आणि निरोगी असतो, त्याची गुठळी ठरल्या वेळी ठरल्या जागी केलेली असते. रुग्ण उतारवयाचा, रक्तदाबाचा, आणि अनेकदा उशिरा पोहोचलेला. प्राण्यांवर यशस्वी ठरलेली औषधे माणसांत अपयशी ठरण्याची इतकी उदाहरणे या क्षेत्रात आहेत, की उंदरांवरच्या नव्या यशाकडे सावधपणेच पाहावे.

जालतानिकेखालील रक्तस्रावात लक्ष बरीच वर्षे एकाच गोष्टीवर खिळले होते. स्रावानंतर तीन-चार दिवसांनी मेंदूच्या मोठ्या धमन्या आकसतात. 1951 मध्ये एकर आणि रीमनश्नायडर यांनी हे क्ष-किरण चित्रणात दाखवले. आकुंचन थांबवले की रुग्ण वाचेल, असे गृहीत धरले गेले. न्यूरोसर्जन लॉक मॅकडोनाल्ड यांच्या नेतृत्वाखाली क्लाझोसेन्टान या आकुंचन रोखणाऱ्या औषधाच्या चाचण्या झाल्या. 2008 मधील निष्कर्षांत धमन्यांचे आकुंचन बरेच कमी झाले; 2011 मधील मोठ्या चाचणीत रुग्णांची अंतिम स्थिती मात्र सुधारली नाही. उलट निमोडिपीन हे औषध चित्रणातले आकुंचन फारसे कमी करत नाही, तरी 1989 च्या ब्रिटिश चाचणीत 554 रुग्णांमध्ये त्याने मेंदूचा पेशीनाश आणि वाईट परिणाम दोन्ही घटवले. ते आजही सर्वत्र देतात. या दोन निकालांनी विषयाची दिशा बदलली. धमनी फुटताच कवटीतील दाब क्षणभर रक्तदाबाजवळ पोहोचतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा जवळपास थांबतो. या पहिल्या 72 तासांतील हानीला ‘लवकरची मेंदूइजा’ म्हणून स्वतंत्र स्थान मिळाले. ब्राझीलचे संशोधक लेआओ यांनी 1944 मध्ये सशांत पाहिलेली, मेंदूच्या पृष्ठभागावर संथपणे पसरणारी विद्युत शांततेची लाटही पुन्हा चर्चेत आली: शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदूवर ठेवलेल्या इलेक्ट्रोडच्या पट्ट्यांनी ती रुग्णांतही नोंदली.

गुठळी काढावी की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. न्यूकॅसलचे न्यूरोसर्जन डेव्हिड मेंडेलो यांच्या नेतृत्वाखालील स्टिच चाचणीत (2005) 1033 रुग्ण होते. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी 26 टक्के, तर आधी औषधोपचार केलेल्यांपैकी 24 टक्के रुग्णांना चांगला गुण आला. फरक नगण्य. शस्त्रक्रियेच्या वाटेत निरोगी मेंदूच दुखावतो, ही शंका तेव्हापासून बळावली आणि बारीक नळीतून, तंतूंच्या दिशेने वाट काढत गुठळीपर्यंत जाण्याच्या पद्धती पुढे आल्या. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनरिच चाचणीत 300 रुग्ण होते; त्यांपैकी निम्म्यांवर, रक्तस्रावापासून 24 तासांच्या आत, अशी पद्धत वापरली आणि तिचा फायदा दिसला. पण तो पृष्ठभागाजवळच्या गुठळ्यांपुरता. खोल भागातील रुग्णांची भरती चाचणी सुरू असतानाच केलेल्या विश्लेषणानंतर थांबवण्यात आली होती.