नवतपात कॅमेऱ्यात कोणता रोल भरावा?

रंगीत रोलच्या खोक्यावर दोन आकडे सहज दिसतात: आयएसओ (फिल्म प्रकाशाला किती चटकन जागते तो आकडा) आणि मुदतीची तारीख. नागपूरकराच्या कामाचा आकडा मात्र तिसराच आहे, आणि तो कंपनीच्या माहितीपत्रकात दडलेला असतो. न वापरलेला रोल किती तापमानाला ठेवावा, तो आकडा. कोडॅक पोर्ट्रासारख्या निगेटिव्ह फिल्मसाठी तो 21 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असा दिलेला असतो. स्लाईड फिल्मला, म्हणजे जिच्यावर थेट सरळ रंगांचं चित्र उमटतं तिला, त्याहूनही थंड जागा लागते. मुदतीची तारीख हे सगळं पाळलं जाईल असं धरूनच छापलेली असते. आणि आपल्याकडे 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता. तो विक्रम सोडून दिला तरी मे महिन्यात 43-45 अंश ही रोजची गोष्ट, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीतलं लोखंडी कपाट रात्री उशिरापर्यंत तापलेलंच असतं. म्हणून ‘कोणता रोल घेऊ?’ या प्रश्नाआधी ‘ठेवणार कुठे आणि वापरणार कोणत्या महिन्यात?’ हे विचारावं लागतं.

उन्हाने फिल्मचं नेमकं काय बिघडतं? प्लास्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचे अनेक थर असतात, आणि ते सगळे मिळून केसाच्या जाडीपेक्षा पातळ भरतात. सगळ्यात वर निळ्या प्रकाशाला जागणारा थर, मध्ये हिरव्याला, खाली लाल रंगाला. निळा प्रकाश खालच्या थरांपर्यंत पोहोचू नये म्हणून पहिल्या थराखाली पिवळी गाळणी असते. प्रत्येक थरात चांदीच्या क्षारांचे कण आणि रंग तयार करणारी रसायनं, म्हणजे कप्लर, मिसळलेली असतात. म्हणजे बंद डबीतला रोलसुद्धा स्वस्थ बसलेला नसतो. आत रासायनिक बदल अगदी हळू चालूच असतात. तापमान 10 अंशांनी वाढलं की अशा बदलांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातला ढोबळ हिशेब. त्या हिशेबाने 21 अंशांना वर्षभरात जेवढा रोल ‘पिकेल’ तेवढा 41 अंशांना तीन महिन्यांत पिकतो.

तिन्ही थर सारख्याच वेगाने पिकले असते तर फारसं बिघडलं नसतं. थोडा प्रकाश जास्त दिला, स्कॅनिंगमध्ये एक सरकपट्टी हलवली, झालं. पण ते सारखे पिकत नाहीत. एखाद्या थराची संवेदनशीलता आधी उतरते, दुसऱ्यात प्रकाश न पडताच काळपटपणा येतो, ज्याला फॉग म्हणतात. मग सावल्या एका रंगाकडे झुकतात आणि उजळ भाग दुसऱ्याच रंगाकडे. याला क्रॉसओव्हर म्हणतात. सावलीतला हिरवा काढायला जावं तर कपाळावरची चमक जांभळट होते. तापलेल्या रोलची हीच खूण, आणि ती कोणत्याही एका फिल्टरने जात नाही.

आयएसओ जितका जास्त तितकी ही नाजूकता जास्त. 800च्या रोलमधले कण मुळातच चटकन प्रतिसाद देणारे, त्यामुळे ते उष्णतेलाही लवकर प्रतिसाद देतात. शिवाय अवकाशातून येणाऱ्या किरणांचा अतिसूक्ष्म मारा सतत चालू असतो, त्याला फ्रिजही अडवत नाही. म्हणून 800चा रोल साठवून ठेवायची वस्तू नाही. लागेल तेव्हा आणावा आणि महिन्याभरात वापरून टाकावा.

आता निवडीकडे. पहिला फाटा निगेटिव्ह की स्लाईड, आणि इथे आमचं मत स्पष्ट आहे: मार्च ते जून निगेटिव्हच. एक्टाक्रोम ई100, प्रोव्हिया 100एफ किंवा व्हेल्व्हिया 50 या स्लाईड फिल्मा सुंदर आहेत, पण त्यांना अर्ध्या स्टॉपची चूकही खपत नाही (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). उजेड आणि सावलीतला पाच-सहा स्टॉपचा फरक एवढाच त्यांचा आवाका. मे महिन्यातल्या दुपारी सीताबर्डीच्या रस्त्यावर पांढरा सदरा आणि दुकानाच्या आतला काळोख एका चौकटीत घेतला की हा आवाका संपलाच. निगेटिव्हला याउलट दोन स्टॉप जास्त उजेड सहज पचतो, पोर्ट्रा 400ला तर तीनही. कमी उजेड मात्र कोणत्याच निगेटिव्हला आवडत नाही, म्हणून शंका असेल तेव्हा जास्तीकडे झुकायचं. स्लाईड ठेवावी ती ऑक्टोबर ते फेब्रुवारीसाठी. पावसाने धुतलेली हवा, तिरपं ऊन, अंबाझरीच्या पाण्यावरचा सकाळचा निळा. तिथे तिचे पैसे वसूल होतात.

आपल्या उन्हाची तऱ्हाही लक्षात घ्यावी लागते. नागपूर साधारण 21.15 उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: 26 मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर. पहिला शून्य सावलीचा दिवस नवतपातच, म्हणजे मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांतच येतो. त्या दिवशी दुपारी 12 वाजून 10 मिनिटांच्या सुमारास उभ्या खांबाची सावली दिसत नाही, आणि माणसाच्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. यावर कोणत्याही फिल्मकडे औषध नाही. पोर्ट्रा 160 किंवा 400चा कॉन्ट्रास्ट मवाळ असल्याने खड्डे थोडे भरून निघतात, पण खरा उपाय म्हणजे माणसाला कडुनिंबाखाली नेणं किंवा सकाळी आठच्या आत फोटो काढणं. सावलीत नेल्यावर एक नवी गोष्ट होते. डेलाईट फिल्म 5500 केल्विनच्या प्रकाशासाठी बनवलेली असते, आणि निरभ्र आकाशाखालच्या सावलीतला प्रकाश 7000 केल्विनच्या वर, म्हणजे निळसर असतो. 81ए हा फिकट पिवळसर फिल्टर लावला तर चेहरा निळा पडत नाही. स्लाईडवर तो लावाच. निगेटिव्हवर स्कॅनिंगमध्ये भागतं.

बरेच जण सवयीने 400चा रोल भरतात. उन्हाळ्यात इथेच गणित चुकतं. कडक उन्हात लेन्सचं छिद्र एफ/16 ठेवलं (आकडा लहान तितकं छिद्र मोठं) तर शटर साधारण एक भागिले आयएसओ सेकंद, हा जुना नियम. त्याने 400च्या रोलला एफ/4 वर 1/6400 सेकंदाचं शटर लागतं. पेंटॅक्स के1000 सारख्या कॅमेऱ्याचं शटर 1/1000 ला थांबतं. म्हणजे पाठीमागची गर्दी धूसर करायची असेल तरी एफ/11च्या पुढे लेन्स उघडता येत नाही. 100च्या रोलवर तोच कॅमेरा एफ/5.6 पर्यंत येतो. म्हणून एप्रिल-मेच्या उघड्या उन्हासाठी 100 ते 200, पावसाळ्यासाठी 400. हा एक नियम पाळला तरी निम्मी निवड झाली.

उरलेली निम्मी रंगांची. कोडॅक गोल्ड 200 स्वस्त, सहनशील आणि मुळातच पिवळसर-उबदार झुकावाची आहे. घरगुती वापराच्या अशा फिल्मा दुकानाच्या फळीवर काही महिने काढतील हे धरूनच बनवलेल्या असतात, त्यामुळे उन्हाळ्यात सगळ्यांत कमी कुरकुर तीच करते. पण विदर्भाचा मे आधीच पिवळा असतो: पानं गाळलेला साग, वाळलेलं गवत, धुळीने पांढुरकं झालेलं आकाश. त्यावर गोल्डचा पिवळा चढला की अख्खी चौकट चहा सांडल्यासारखी दिसते. माणसं, बाजार, संध्याकाळ यांना गोल्ड छान; पेंचच्या वाटेवरच्या उघड्या माळाला नको. तिथे पोर्ट्रा 160 रंग जागेवर ठेवते.

फुलांची गोष्ट वेगळी. फेब्रुवारी-मार्चमधला पळस आणि मेमधला गुलमोहर पाहिला की हात आपोआप एकटार 100कडे जातो. तिचे रंग गडद, दाणा अतिशय बारीक. पण गुलमोहराचा लाल थेट उन्हात असतो तेव्हा फिल्मचा लाल थर भरून वाहतो आणि पाकळ्यांच्या शिरा जाऊन नुसता लाल डाग उरतो. ‘निगेटिव्हला जास्त उजेड द्या’ हा सल्ला इथे मोडायचा. एकटार खोक्यावरच्या 100 आयएसओलाच चालवायची, झाडाच्या उजेडाकडच्या बाजूऐवजी कडेने किंवा मागून ऊन येईल असं उभं राहायचं. कमी उजेडही देऊ नये, सावल्या निळ्या पडतात. एकटार चेहऱ्यांना लालसर करते, म्हणून लग्नाच्या पंगतीत तिला नेऊ नये. संत्र्याच्या बागेत मात्र ती खुलते, त्यातही आंबिया बहाराची फळं उतरतात त्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात.

दीक्षाभूमीच्या पांढऱ्या घुमटाचा फोटो कोणत्याही रोलवर राखाडी येतो अशी तक्रार असते. दोष रोलचा नाही. उजेड मोजणारा मीटर पांढऱ्यालाही मध्यम राखाडी समजतो, म्हणून त्याने सांगितल्यापेक्षा एक ते दीड स्टॉप उजेड वाढवून द्यायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालच्या गल्ल्यांतून काळी आणि पिवळी मारबत निघते, तेव्हा वर ढग, खाली अरुंद गल्ली आणि हलणारी गर्दी असते. तिथे पोर्ट्रा 400 किंवा अल्ट्रामॅक्स 400. काळ्या मारबतीच्या अंगावर मीटर धरला तर तो उलट फसतो आणि पिवळी पार धुतली जाते. आपल्या तळहातावर मीटर धरून एक स्टॉप वाढवावा, दोघींनाही न्याय मिळतो.

रोल ठेवायचा कसा, इथे सगळ्यात जास्त चुका होतात. फ्रिज हवाच, पण भाजीच्या कप्प्यात नाही, तिथे ओल असते. घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह, वरच्या फळीवर. काढल्यावर डबा लगेच उघडायचा नाही. हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊ लागते तो दवबिंदू. मेमध्ये 45 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण 12 अंश. जुलैत 29 अंश आणि 80 टक्के असताना तो 25च्या आसपास. म्हणजे फ्रिजमधला 4 अंशांचा रोल मेमध्ये 12 अंशांपर्यंत तापला की सुटला, जुलैत मात्र जवळजवळ खोलीइतका गरम होईपर्यंत घामाघूम होत राहतो. 35 मिमीच्या रोलला एरवी तास-दीड तास पुरतो. पावसाळ्यात दोन तास द्या. ओलं झालेलं जिलेटिन फुगतं, रोलचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि धुतल्यावर ठिपके दिसतात.

फ्रिज नसेल किंवा दिवसभर बाहेर असाल तर माठाची युक्ती चालते. रोल पिशवीत बंद करून स्टीलच्या घट्ट डब्यात घालायचे, डब्याला ओला पंचा गुंडाळायचा आणि वाऱ्याला सावलीत ठेवायचा. 45 अंश, 15 टक्क्यांच्या हवेत बाष्पीभवनाने पंचा जास्तीत जास्त 24 अंशांपर्यंत थंड होऊ शकतो. प्रत्यक्षात डबा तितका खाली येत नाही, पण बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. जुलैत हीच युक्ती निरुपयोगी, पंचा नुसता ओला राहतो. कूलरच्या खोलीबद्दलही हेच. खसाच्या ताट्यांतून येणारी हवा गार असते तशीच दमट, त्यामुळे तिथे रोल उघडा ठेवू नये. आणि दुचाकीची डिक्की! खाली इंजिन, वर ऊन. रोल तिथे ठेवण्यापेक्षा दुपट्ट्यात गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत ठेवलेला बरा. बंद कारच्या डॅशबोर्डचं तर नावच नको.

कोरड्या हवेचा आणखी एक त्रास फारसा कोणाला ठाऊक नसतो. मेमध्ये रोल झरझर गुंडाळला तर घर्षणाने ठिणग्या पडतात आणि निगेटिव्हवर झाडाच्या फांद्यांसारख्या रेषा उमटतात. रिवाइंडचा खटका सावकाश फिरवा.

फोटो काढून झालेला रोल न वापरलेल्यापेक्षा नाजूक असतो, कारण त्यावरची अदृश्य प्रतिमा उष्णतेत आणि ओलीत विरते. आठवड्याभरात धुवायला द्या. कुरिअरने पाठवायचा असेल तर सोमवारी पाठवा. शनिवारी दिलेलं पार्सल रविवारभर पत्र्याच्या गोदामात भाजतं. 800चे सोडून नवे रोलही याच कारणाने डिसेंबर-जानेवारीत मागवून फ्रिजमध्ये भरून ठेवावेत.

घरी धुणाऱ्यांसाठी: सी-41 या रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या पद्धतीत डेव्हलपरचं तापमान 37.8 अंश आणि वेळ 3 मिनिटं 15 सेकंद, फरक जेमतेम 0.15 अंशाचा चालतो. जगभर लोक हे पाणी तापवतात, नागपुरात मेमध्ये छतावरच्या टाकीचं पाणी त्याहून गरम येतं आणि बर्फ घालून उतरवावं लागतं. बर्फ बाहेरच्या टबात घाला, डेव्हलपरमध्ये नाही. थर्मामीटर बाटलीच्या आत हवा, कारण टब 37वर आला तरी बाटली 39वरच असू शकते, आणि त्या एका-दीड अंशाने वरचे थर जास्त धुतले जाऊन रंगांचा तोल जातो. ब्लीच, फिक्सर आणि धुण्याचं पाणीही त्याच्या जवळपासच्या तापमानाचं ठेवा. गरम द्रावणातून थेट थंड पाण्यात टाकलेलं जिलेटिन आक्रसून त्यावर बारीक जाळी उमटते. वाळवायला बाल्कनी नको, लूची धूळ ओल्या फिल्मवर कायमची बसते. न्हाणीघरात आधी पाणी शिंपडून हवेतली धूळ खाली बसवायची, दार लावून घ्यायचं आणि मग फिल्म टांगायची.